चन्नवीरअप्पांची माणसं

सोलापुरात चन्नवीरअप्पा करजगे यांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे स्वतः चन्नवीरअप्पा.

मत अगदीच हवेतलं नव्हतं. तेहतीस वर्षं त्यांनी एसटी स्टँडच्या कंट्रोलरूममध्ये काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुठली आज येणारच नाही, हे सगळं ते एकाच गोड आवाजात माईकवरून सांगायचे. त्यामुळं अर्ध्या जिल्ह्यानं त्यांचा आवाज ऐकला होता, आणि ऐकून कपाळाला हात लावला होता. अप्पा याला जनसंपर्क म्हणत.

निवृत्त झाल्यावर माईक सुटला, पण हातात फोन होता. त्यात अठराशे सेहेचाळीस नंबर. हा आकडा अप्पांना तोंडपाठ होता. स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा आकडा मात्र दर वेळी कागद बघून सांगावा लागे. व्हॉट्सॲपवर एकोणीस ग्रुप. समाजाचा, गल्लीचा, निवृत्तांचा, सकाळी तळ्याभोवती फिरणाऱ्यांचा आणि सकाळी तळ्याभोवती फिरायचं नुसतं ठरवलेल्यांचा. त्यातल्या सातांचे ते ॲडमिन. पहाटे साडेपाचला सगळीकडे एक चित्र जायचं. कमळ, उगवता सूर्य, वाफाळता चहा आणि खाली 'नाती जपा, आयुष्य सुंदर होईल'. ते पाठवून झालं की अप्पा उठून स्वतःपुरता चहा टाकत.

कुणाला दवाखान्यात लवकर नंबर हवा, कुणाच्या पोरीला वसतिगृह हवं, कुणाच्या म्हातारीला रेल्वेत खालचा बर्थ हवा, की फोन अप्पांना. "काळजी करू नका, तितं माझी ओळख हाय की," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि ओळख बहुतेक वेळा असायचीही. काम झालं की माणूस म्हणायचा, "तुमच्यामुळं झालं बघा, अप्पा." मग तो पुढचं काम निघेपर्यंत दिसायचा नाही. अप्पांना हे प्रेम वाटे. वाटायला हरकत नव्हती, कारण दुसरं कुठलं हाताशी नव्हतं.

बायको धनलक्ष्मी चार वर्षांपूर्वी गेली. अंत्ययात्रेला इतकी माणसं लोटली की बाळीवेशीतला रस्ता अर्धा तास अडला. त्या दुःखातही अप्पांनी मागं वळून दोनदा गर्दी पाहिली होती. हे त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही, पण पाहिली होती. पहिला आठवडा दारात चपला मावत नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात मावल्या. तिसऱ्यात एकच जोड उरला, तो अप्पांचा.

धनलक्ष्मी अक्कलकोटच्या पलीकडची. घरात नवरा-बायको कानडीतच बोलत. ती गेली आणि घरातलं कानडी बंद पडलं. एकदा भात लावताना अप्पा कुकरला कानडीत म्हणाले, "बास झालं, आता बंद करतो तुला," आणि स्वतःच दचकले. त्या दिवसापासून ते घरात शिरल्या शिरल्या टीव्ही लावू लागले. बातम्यांमध्ये माणसं एकमेकांवर ओरडत असायची. सोबत म्हणून ते बरं होतं.

मुलगी श्रीदेवी बेंगळुरूला नोकरीत. दर रविवारी तिचा फोन. "बरे आहात ना, अप्पा?" "मस्त. घरात माणसांची नुसती रीघ हाय." "गोळ्या घेता ना?" "घेतो की." चार मिनिटांत दोघांचंही कर्तव्य पार पडे.

असं सगळं उत्तम चाललेलं असताना डाव्या डोळ्यानं घोटाळा केला. गेल्या मार्चमध्ये निवृत्तांच्या ग्रुपवर एका सहकाऱ्याचा वाढदिवस होता. डोळ्यापुढं धुकं, फोनमध्ये शेकडो चित्रं, सगळ्यांवर फुलंच. अप्पांनी त्यातलं एक पाठवलं. ते नेमकं 'भावपूर्ण श्रद्धांजली' निघालं. पण खरी गंमत पुढं झाली. ते न वाचता पाठोपाठ एकेचाळीस जणांनी हात जोडले. दोघांनी 'फार वाईट झालं' असं लिहिलं. ज्याचा वाढदिवस होता त्यानंही हात जोडले. संध्याकाळी त्याच्या सुनेनं फोन करून विचारलं, तेव्हा अप्पा डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

मोतीबिंदू पिकला होता. ऋतुजा नावाची एक चुणचुणीत नर्स फॉर्म भरून घेत होती. तिनं विचारलं, "सोबत कोण येणार, आजोबा?"

'आजोबा' गिळायला अप्पांना जरा वेळ लागला. "कुणीबी येईल की. सांगितलं तर अर्धं सोलापूर येईल."

"अर्धं नको, एक बास. पण तो एक जण सात दिवस दिवसभर घरी पाहिजे. दोन-दोन तासांनी थेंब घालायचे, खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. तुमचा हात थरथरतो, तुम्हाला स्वतःला जमणार नाही." तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "इथं जवळच्या व्यक्तीचं नाव आणि नंबर लिहा."

अप्पांनी पेन उघडलं. पेन टोपणात घातलं. "ऑपरेशनला येताना भरून आणतो," म्हणाले.

घरी येऊन ते फोनमधली नावं वाचायला बसले. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की फोनमध्ये नुसतं नाव असं कुणाचंच नाही. प्रत्येकाला कामाचं शेपूट. बाळासो प्लॉट. महेश्वर मंडप. वैजयंती मॅडम झेडपी. गुरुशांत गॅस. गुरुशांत गॅस नवीन.

पहिला फोन बाळासोला, कारण त्याच्या तिन्ही पोरांचे प्रवेश अप्पांनी करून दिले होते. "अप्पा, असं इचारता काय, हक्कानं सांगायचं की," बाळासो म्हणाला. "फक्त हा आठवडा सोडून सांगा." महेश्वर म्हणाला, "ऑपरेशन होऊ द्या निवांत. झालं की कळवा, फळं घेऊन भेटायला येतो." वैरागचा चुलतभाऊ तर हसलाच. "तुला रे काय कमी माणसं? आमी खेड्यातनं कुठं येतो मधी मधी." माणसं कमी नाहीत हे अप्पांनीच त्याला गेली वीस वर्षं शिकवलं होतं, त्यामुळं उलट काही बोलता येईना. श्रीदेवीला फोन करायचा त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण घरात माणसांची रीघ असताना पोरीला बोलवायचं कसं?

शेवटी त्यांनी मन घट्ट करून एकोणीसच्या एकोणीस ग्रुपवर लिहिलं: 'परवा माझ्या डोळ्याचे ऑपरेशन आहे. सोबत कुणी येईल का?'

प्रतिसाद उदंड आला. जोडलेले हात त्रेसष्ट. 'काळजी घ्या' अठ्ठावीस. एकानं डोळ्यात मध घालायचा उपाय कळवला, दुसऱ्यानं त्या उपायानं डोळा गेलेल्या माणसाची बातमी पाठवली आणि दोघांची तासभर जुंपली. तिघांनी 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. एकानं अप्पांचंच त्या सकाळचं कमळ अप्पांना परत पाठवलं.

संध्याकाळी ग्रुपबाहेर, अप्पांच्या नंबरवर, एक मेसेज आला. पाठवणारा 'येडू ड्रायव्हर माळशिरस'. मेसेज दोनच शब्दांचा होता.

'किती वाजता'

अप्पांनी तो तीनदा वाचला. मागं-पुढं काही नव्हतं, चित्रही नव्हतं. येडूचा चेहरा आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण आठवली ती त्याची माळशिरसची गाडी. मग त्यांनी उत्तर दिलं, 'सकाळी नऊ.'

ऑपरेशनच्या दिवशी साडेआठलाच दार वाजलं. दारात एक उंच, वाळलेला माणूस. पांढऱ्या मिशा, कॉलरवर रुळणारे केस, खांद्याला कापडी पिशवी.

"या, वाघमोडे," अप्पा सराईतपणे म्हणाले. आडनाव त्यांनी रात्रीच कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. "लई दिसांनी भेट."

"पयल्यांदाच भेटतोय आपण," येडू म्हणाला. "तुमी काचंच्या आत असायचा, मी भायेर. चला, उशीर नगं."

दवाखान्यात अप्पांनी फॉर्म काढला. जवळची व्यक्ती म्हणून येडू वाघमोडे असं नाव घातलं. पुढच्या रकान्यात 'नातं' असं होतं. तिथं पेन थांबलं. येडूनं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ड्रायवर ल्ह्या. पुढचं पुढं बगू."

ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. ते सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं दुसऱ्या दिवशी घडलं, पट्टी काढल्यावर. येडूनं साबणानं हात धुतले, अप्पांना खाटेवर उताणं झोपवलं आणि अंगठ्यानं त्यांची खालची पापणी हलकेच ओढली. स्टेअरिंग धरून धरून दगड झालेला अंगठा. थेंब पडला, डोळा चुरचुरला. चार वर्षांत आपल्या तोंडाला दुसऱ्या माणसाचा हात लागलेला नाही, हे अप्पांना त्या क्षणी कळलं. त्यांनी डोळा मिटून घेतला. "उगडा ठिवा," येडू म्हणाला, "थेंब वाया जातोय."

सात दिवस तो सकाळी आठला यायचा आणि रात्री आठला जायचा. येताना भाकरी आणि शेंगाची चटणी आणायचा. मधूनच अंगणात जाऊन कुणाशी तरी दोन मिनिटं हळू आवाजात फोनवर बोलायचा. अप्पांनी मनात म्हटलं, याच्याही ओळखी दिसतात. विचारलं मात्र नाही. विचारायला त्यांना वेळ कुठं होता, ते बोलत होते ना. कुणाचं काम कसं केलं, कुठला साहेब कसा नावानं हाक मारतो, गड्ड्याच्या जत्रेत दहा पावलं चालायला कसा अर्धा तास लागतो. येडू ऐकायचा आणि घड्याळाकडं बघून बाटली हलवायचा.

तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून एक प्रश्न विचारला. "वैनी कशानं गेल्या?"

"हार्ट अटॅक. अंत्ययात्रेला सहाशेच्या वर माणूस हुतं."

"माणसं न्हाय इचारली मी."

येडूनं थेंब घातला आणि पुढं काही विचारलं नाही. त्या दिवशी अप्पा संध्याकाळपर्यंत फारसं बोलले नाहीत, आणि येडूला काही चुकल्यासारखं वाटलेलं दिसलं नाही.

सातव्या दिवशी ऋतुजानं डोळा तपासून शाबासकी दिली. येडूनं घरी येऊन पिशवी आवरली, "आता तुमचं तुमी करा," म्हणाला आणि गेला. महेश्वरची फळं अजून यायची होती.

आता उपकार फेडायचे कसे, हे अप्पांना उत्तम ठाऊक होतं. आधी त्यांनी येडूला पुष्पगुच्छाचं चित्र पाठवलं: 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल शतशः आभार.' उत्तर आलं नाही. मग त्यांनी सत्कार ठरवला. निवृत्तांच्या ग्रुपतर्फे, छोट्या हॉलमध्ये, शाल आणि श्रीफळ. बॅनरही छापून आणला. 'निःस्वार्थ सेवेचा गौरव' अशी मोठी अक्षरं, कोपऱ्यात येडूचा ओळखपत्रावरून काढलेला फोटो आणि मधोमध, येडूपेक्षा चौपट मोठे, हात जोडलेले चन्नवीरअप्पा.

येडू फोनवर म्हणाला, "मी न्हाय येणार."

"अवो, तुमचाच सत्कार हाय."

"म्हनून तर न्हाय येणार. अप्पा, तुमच्या डोळ्यात थेंब घातलं मी. त्येचा बॅनर कशाला करताय?" आणि त्यानं फोन ठेवला.

सत्कार झाला. हॉल घेतला होता, भाषणं ठरली होती. एका माणसासाठी कार्यक्रम थोडाच थांबतो. सत्कारमूर्तीच्या अनुपस्थितीत शाल कुणाला घालायची असा प्रश्न आला तेव्हा बाळासो जवळ उभा होता, म्हणून त्याला घातली. त्यानं ती आनंदानं घेतली आणि समाजसेवेवर दहा मिनिटं बोलला. अप्पा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता त्यांना येडूचा इतका राग आला की त्यांनी ठरवलं, आता त्याच्या घरी जाऊन जाबच विचारायचा.

येडूचं घर सोरेगावच्या पुढं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. एप्रिलचं ऊन. रिक्षातून उतरेपर्यंत अप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. दारात एक तरुण बाई चप्पल घालून निघायच्या घाईत. ती येडूची सून, सुकन्या. नवरा परगावी नोकरीला, ही इथं शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात.

"तुमीच का ते डोळ्याचे अप्पा?" तिनं विचारलं.

"व्हय," अप्पा जरा ताठ झाले. इथंही आपल्याला ओळखतात.

"तुमच्यापायी मी सात दिवस रजा काढली हुती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आत्यांजवळ कुणीतरी लागतंय ना सारखं. मामा म्हनले, तू ऱ्हा घरी, त्या माणसाला कुणी न्हाय." आणि ती बसला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

त्या माणसाला कुणी न्हाय. अप्पा उन्हात उभे राहिले. अंगणातल्या त्या फोनवर येडू हळू आवाजात काय विचारत असेल, हे आता सांगायला कुणी लागत नव्हतं. आणि जाब विचारायला आलेल्या माणसाजवळ एकाएकी एकही प्रश्न उरला नव्हता.

आत खाटेवर येडूची बायको मायाक्का होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, जीभ मात्र पूर्ण शाबूत राहिली, किंबहुना गेलेल्या बाजूचं कामही जिभेनंच अंगावर घेतल्यासारखं वाटे.

येडूनं पाणी दिलं. बॅनरचा विषय काढला नाही. अप्पांनी घसा साफ केला आणि त्यांना येत होतं तेच ते बोलले. "वैनी, पुण्याला एक मोठे डॉक्टर हायत. तितं माझी ओळख हाय."

"डॉक्टर झालं," मायाक्का म्हणाली. "औषिदं झाली, अंगारं झालं. ओळखी तर लई झाल्या. भावजी, ह्येंच्या मानेकडं बघा. केस कापाय सुदीक जाया मिळंना ह्यास्नी. ती पोरगी रातीला थकून येती, तिला काय सांगायचं? तुमी हितं तासभर बसा, म्हंजी ह्ये न्हाव्याकडं जाऊन येतील. हितं बसायची हाय का ओळख तुमची कुणाशी?"

तेहतीस वर्षांत अप्पांना कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. ते बसले. येडूनं एकदा बायकोकडं, एकदा अप्पांकडं पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि दोघांपैकी कुणाचा विचार बदलायच्या आत बाहेर पडला.

"आता नुसतं बसून काय करताय?" मायाक्का म्हणाली. "त्या कोपऱ्यात शेंगा हायत. फोडा."

अप्पा शेंगा फोडू लागले. पाच मिनिटांत फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा मायाक्का म्हणाली, "त्येला गप करा, न्हायतर टरफलांत टाका." अप्पांनी फोन बंद केला. सोलापूर शहराचा कारभार त्या तासात कसा चालला कोण जाणे, पण चालला.

येडू परतला तो पंधरा वर्षांनी तरुण होऊन. आरशात बघून त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि कधी नव्हे तो हसला. त्या हसण्यावर अप्पा उगाच खूश झाले. आजवर त्यांनी पुष्कळांची कामं केली, पण काम झाल्यावर माणूस कसा दिसतो हे बघायला ते कधी थांबले नव्हते.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा गेले. मग शुक्रवारी. येडूची बाहेरची कामं दोन वर्षांची साचली होती. बँक, रेशन, आणि एकदा नुसतंच तळ्यावर जाऊन बसून येणं. तो जायचा, अप्पा शेंगा नाहीतर लसूण घेऊन बसायचे आणि मायाक्का त्यांच्या कामात खोड्या काढायची. त्यांनी सोललेला लसूण ती सुकन्याला पुन्हा सोलायला लावते, हे त्यांना नंतर समजलं.

चौथ्या की पाचव्या खेपेला मायाक्कानं विचारलं, "तुमची बायको कशी हुती वो?"

अप्पा म्हणाले, चांगली होती. ती म्हणाली, मेलेली समदीच चांगली असत्यात, कशी हुती ते सांगा. मग अप्पा थोडा वेळ शेंगा फोडत राहिले आणि खाली बघूनच बोलू लागले. धनलक्ष्मी कडक होती. मीठ कमी टाकायची आणि वर वाद घालायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, छातीत जड वाटतंय, जरा जवळ बसा. अप्पा फोनवर होते. कुणाच्या तरी आईला खालचा बर्थ हवा होता. त्यांनी बोटानं खूण केली, दोन मिनिटं. दोन मिनिटांची वीस झाली. ते आत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली होती, आणि मग दवाखान्यात नेण्याचं नुसतं नाटक उरलं.

हे त्यांनी पोरीलाही सांगितलं नव्हतं.

मायाक्कानं विचारलं, "बर्थ मिळाला का?"

"मिळाला."

"कुणाच्या आईला?"

अप्पांनी तोंड उघडलं. नाव आठवेना. त्यांनी डोक्याला ताण दिला, गाडी आठवली, तारीख आठवली, डब्याचा नंबरही आठवला. माणूस आठवेना. आणि मग ते रडायला लागले. अठराशे सेहेचाळीस जणांनी ज्यांना कायम हसतमुख पाहिलं होतं, ते चन्नवीरअप्पा मांडीवर शेंगांचं सूप घेऊन हुंदके देऊन रडले.

"रडा," मायाक्का म्हणाली. "पर सूप खाली ठिवा, शेंगा भिजत्यात. चटणी करायचीय त्येंची." आणि डाव्या हातानं तिनं उशाचा टॉवेल त्यांच्याकडं सरकवला. तेवढं सरकवायला तिला बराच वेळ लागला.

येडू आला तेव्हा टॉवेल अजून अप्पांच्या हातात होता. त्यानं चहा टाकला, तिघांचा.

त्यानंतर अप्पा बदलून संत झाले असं काही नाही. बोलतात अजून पुष्कळ. 'ओळख हाय की' हेही सुटलेलं नाही. येडूची अडकलेली पेन्शनची कागदपत्रं त्यांनी तशीच सोडवून दिली, आणि येडूनं ती पुष्पगुच्छाशिवाय स्वीकारली. पण मे महिन्यात ते अकरा ग्रुपमधून बाहेर पडले. आपण गेल्यावर खळबळ माजेल अशी त्यांची अपेक्षा होती. एका ग्रुपवर ते बाहेर पडल्याच्या ओळीखाली कुणीतरी हात जोडले. बाकी दहांना अजून कळायचं आहे.

श्रीदेवीला ऑपरेशनचं त्यांनी उशिरा सांगितलं. त्या रविवारी फोन चार मिनिटांत संपला नाही. पाऊण तास चालला आणि बहुतेक सगळा भांडणात गेला, तेही कानडीत. "परक्या माणसाला बोलावलंत आणि मला नाही? मी तुमची कोण, ग्रुपमधली मेंबर?" ती रडली, यांनी आवाज चढवला, तिनं त्यांच्याहून चढवला. मग धनलक्ष्मीच्या त्या संध्याकाळची गोष्ट अप्पांनी तिला सांगून टाकली. तेव्हा ती म्हणाली की त्या दिवशी दुपारी आईनं तिलाही फोन केला होता, आणि तीही मीटिंगमध्ये होती. मग दोघं बाप-लेक फोन कानाला लावून न बोलता बसून राहिले. पुढच्या महिन्यात ती चार दिवस येऊन राहिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा भांडली आणि जाताना दिवाळीचं तिकीट काढून गेली.

जूनमध्ये वैरागच्या चुलतभावाकडं वास्तुशांत निघाली. वार शुक्रवार. अप्पा सवयीनं गेले आणि सोरेगावला कळवायचं राहून गेलं. जेवायच्या पंगतीत पान वाढून झालं होतं, तेवढ्यात फोन वाजला. येडू.

"का न्हाय आलात?"

"अवो, वैरागला आलोय, कार्यक्रम—"

"मग सांगता येत न्हाय? ही सकाळधरनं दाराकडं बघतीय. मला वाटलं, डोळ्याला काय झालं का काय. शेजारणीला हिच्यापाशी बसवून तुमच्या घराला जाऊन आलो मी, कुलूप बघून. एवढा मोठा माणूस, एक फोन करता येत न्हाय?"

येडू इतकं सलग बोललेला अप्पांनी कधी ऐकला नव्हता. मागून मायाक्का ओरडत होती, त्यात अप्पांचा उद्धार चाललेला स्पष्ट ऐकू येत होता. आयुष्यात त्यांच्या येण्यानं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ लोक खूश झाले होते, निदान तसं म्हणाले तरी होते. न येण्यानं कुणी रागावल्याची आठवण त्यांना नव्हती. त्यांनी मध्ये एक अक्षर न बोलता सगळं ऐकून घेतलं. शेजारच्या पानावरचा पाहुणा जिलबी चघळत बघत होता.

"चुकलं," अप्पा म्हणाले. "उद्या येतो."

"उद्या नगं, उद्या सुकन्या घरी हाय. मंगळवारी या. अन् थांबा, ही काय म्हनतीय बगा."

फोनवर मायाक्काचा आवाज आला, "भावजी, येताना तितल्या बाजारातनं अर्धा किलू जवस आना. निवडलेलं बघून घ्या, मागच्या येळंसारखं खडं नगं."

अप्पांनी खिशातून पेन काढलं. कागद सापडेना, म्हणून वास्तुशांतीच्या पत्रिकेच्या मागं लिहून घेतलं: जवस, अर्धा किलो, निवडलेलं. मग वाढप्याला हाक मारून त्यांनी विचारलं, की इथं बाजारात जवस चांगलं कुणाकडं मिळतं.